बाहेर परवडणारं जेवण कसं शोधायचं आणि घरच्यांसाठी झटपट काय करायचं

सगळं घर जेवायला बाहेर पडलं की नजर आधी मेन्यूवरच्या आकड्याकडे जाते, आणि तिथेच हिशेब चुकतो. कमी दराची प्लेट दोन घासांत संपत असेल तर ती महागच. त्यामुळे आकडा एकच धरायचा: सगळ्यांची पोटं भरल्यावर, कर आणि सेवाशुल्क धरून, माणशी किती पडले.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. बाहेर काय खायचं आणि घरी काय करायचं याचा विचार एकत्र करा. हॉटेलात पदार्थाच्या किमतीतला साधारण एक तृतीयांश भाग कच्च्या मालाचा असतो. बाकीचे पैसे पगार, भाडं, गॅस-वीज, नासाडी आणि नफा यांत जातात. म्हणजे उकडलेली अंडी, साधा भात, कापलेली फळं, चहा-कॉफी असल्या गोष्टींना आपण बाहेर तिप्पट-चौपट पैसे मोजतो, आणि त्या घरी काही मिनिटांत होतात. याउलट तासन् तास मंद आचेवर शिजणारं, भरपूर तेलात तळायचं, भट्टीच्या कडक आचेवर भाजायचं किंवा वीस जिन्नस लागणारं जे काही असेल ते बाहेर खाण्यात फायदा आहे. हॉटेलात ते एका खेपेत पन्नास जणांचं होतं, त्यामुळे मेहनत आणि इंधन वाटलं जातं. घरी चौघांसाठी तेच करायचं तर अर्धा दिवस जातो आणि उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. हे एवढं धोरण पाळलं तरी महिन्याच्या खर्चात फरक दिसतो.

जागा कुठे शोधायची

जिथे लोक रोज स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जेवतात तिथे शोधा. कचेऱ्या, कॉलेजं, मोठी रुग्णालयं, बसस्थानकं, घाऊक बाजार, न्यायालयं, कारखान्यांची वस्ती यांच्या आसपास. रोजचं गिऱ्हाईक दरातला छोटा बदलही लगेच हेरतं आणि एकदा पोट बिघडलं की परत येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी दर आटोक्यात आणि माल ताजा ठेवण्यावाचून मालकाला गत्यंतर नसतं. प्रेक्षणीय स्थळाच्या दारातल्या हॉटेलाला ही धास्ती नसते, कारण तिथलं गिऱ्हाईक बहुधा एकदाच येतं. फिरायला गेलेले असाल तर मुख्य चौकात बसू नका. दोन-तीन गल्ल्या आत जा. तिथे भाडं कमी असतं आणि ते दरात दिसतं.

विद्यापीठ, संग्रहालय, रुग्णालय यांचं उपाहारगृह कधीकधी बाहेरच्यांनाही खुलं असतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर ही जागा फार सोयीची: बसायला ऐसपैस, स्वच्छतागृह जवळ, आणि पदार्थ साधे. फक्त आत जाण्याआधी दारावर विचारून घ्या, आणि वेळ बघा. अशी ठिकाणं दुपारचं जेवण आटोपलं की बंद होतात.

घरात प्रत्येकाची आवड वेगळी असेल तर एकाच छताखाली अनेक गाळे असलेली खाऊगल्ली किंवा फूड कोर्ट बरं. पण तिथे एक तोटा आहे. प्रत्येक जण वेगळ्या गाळ्यावर जातो, वाटून खाणं होत नाही, आणि प्रत्येकाचं पेय वेगळं येतं. म्हणून आधी जागा धरा, एकाने सगळ्या गाळ्यांवरून चक्कर मारून यावं, आणि मग ठरवून दोघांनी आणायला जावं.

मोबाइलवरच्या नकाशात शोधताना ‘सर्वोत्तम हॉटेल’ असं टाकलं की जाहिरातीच जास्त येतात. त्याऐवजी आधी नकाशावर कॉलेज किंवा रुग्णालय शोधा, तिथे नकाशा मोठा करा, आणि मग आसपासची जेवणाची ठिकाणं बघा. ‘आत्ता सुरू’ ही चाळणी लावायला विसरू नका. अभिप्राय सर्वांत नवे आधी असे लावून घ्या. स्वयंपाकी बदलला की वर्षभरापूर्वीचं कौतुक कामाचं उरत नाही. आठ जणांनी दिलेल्या पाच ताऱ्यांपेक्षा आठशे जणांनी दिलेले सव्वाचार तारे जास्त भरवशाचे. आणि आमचा अनुभव असा, की तीन तारे देणारी माणसं सगळ्यांत उपयोगाचं लिहितात: काय चांगलं होतं आणि कुठे कमी पडलं, दोन्ही. अभिप्रायांत शोधायची सोय असेल तर ‘प्रमाण’, ‘पोटभर’, ‘वाट’, ‘मुलं’ हे शब्द टाकून बघा.

फोटो मालकाने टाकलेले नकोत, गिऱ्हाइकांनी काढलेले बघा. त्यांत चमचा, हात किंवा पाण्याचा पेला दिसतो आणि प्लेट केवढी आहे याचा अंदाज येतो. मेन्यूच्या फोटोवरची तारीखही तपासा. दोन वर्षांपूर्वीचे दर धरून गेलात की दारातच विरस होतो.

दारात दहा मिनिटं

नवीन ठिकाणी शिरण्याआधी बाहेर थोडं थांबा. एवढ्या वेळात बरंच कळतं.

किती टेबलांवर प्लेटा आहेत आणि किती टेबलं नुसती वाट बघत बसली आहेत ते मोजा. अर्ध्याहून जास्त टेबलं रिकाम्या हाताने बसली असतील तर स्वयंपाकघर मागे पडलंय. भुकेल्या मुलांना घेऊन तिथे जाऊ नका. उचलून नेल्या जाणाऱ्या प्लेटा बघा. त्यांत काय उरलंय? एकच पदार्थ तीन-चार प्लेटांत तसाच राहिलेला दिसला तर तो मागवू नका. मेन्यू न उघडता मागवणारी माणसं दिसली तर ती रोजची आहेत, आणि ती काय मागवतात हे ऐकणं मेन्यू वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी.

मेन्यूची लांबी बघा. स्वयंपाकघरात तीन-चार माणसं आणि मेन्यूवर दीडशे पदार्थ असतील तर त्यांतले बरेच आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेले असणार. वीस-पंचवीस पदार्थांचा मेन्यू असेल तर माल रोज खपतो आणि रोज नवा येतो.

स्वच्छतेसाठी भिंतीवरच्या टाइल्स बघू नका, हात बघा. पैसे घेणारा हात तसाच अन्नाला लागतोय का? कच्चं मांस आणि शिजलेलं अन्न यांना एकच पाटी, एकच सुरी आहे का? मांडून ठेवलेल्या गरम पदार्थांतून वाफ निघतेय का? शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवलं तर जंतू वाढत नाहीत. कोमट अवस्थेत तासन् तास ठेवलेलं अन्न हेच पोट बिघडण्याचं नेहमीचं कारण. म्हणून गर्दी नसलेल्या वेळी मांडून ठेवलेलं काही घेण्यापेक्षा समोर करून मिळणारं घ्या.

आत गेल्यावर वाढणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. ‘एका प्लेटीत किती जणांचं होतं?’ आणि ‘दिवसभरात सगळ्यांत जास्त काय जातं?’ ‘काय चांगलं आहे’ असं विचारलं की सगळंच चांगलं असतं. सगळ्यांत जास्त काय जातं याचं उत्तर मात्र नेमकं येतं.

वेळ

एकाच हॉटेलात दुपारी आणि रात्री दरात बराच फरक असू शकतो. दुपारचं ठरलेलं जेवण मोठ्या प्रमाणात एकदम केलेलं असतं, टेबलं भराभर मोकळी होतात, म्हणून ते स्वस्तात देणं परवडतं. घरातल्या समारंभासाठी बाहेर जायचंच असेल तर रात्रीऐवजी दुपार धरा. जेवण तेच, बिल हलकं. सुट्टीच्या दिवशी आणि सणावारी हे ठरलेलं जेवण बऱ्याचदा नसतं, तेव्हा आधी फोन करून विचारा. त्याच फोनमध्ये किती जण आहात, लहान मुलाची उंच खुर्ची मिळेल का आणि थांबावं लागेल का हेही विचारून टाका.

मुलं लहान असतील तर ऐन गर्दीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. जेवण पंधरा मिनिटांत येतं, आणि मूल कंटाळून रडायच्या आत आटोपतं. उशिरा गेलं की भुकेपोटी आधी काहीबाही मागवलं जातं आणि बिलाचा फुगवटा तिथेच सुरू होतो.

मागवण्याचा हिशेब

चौघांच्या एका जेवणाचा हिशेब मांडून बघू. एका मुख्य पदार्थाची किंमत 100 धरा. म्हणजे हा हिशेब कुठल्याही गावाला, कुठल्याही चलनाला लागू पडेल. सुरुवातीचा खाऊ 60, पेय 35, गोड पदार्थ 50.

नेहमीसारखं मागवलं तर चार मुख्य पदार्थ 400, दोन सुरुवातीचे खाऊ 120, चार पेयं 140, चार गोड पदार्थ 200. एकूण 860. त्यावर कर आणि शुल्क मिळून 10 टक्के धरले तर 946.

आता तीन मुख्य पदार्थ मध्ये ठेवून वाटून घेतले, एक खाऊ, साधं पाणी, आणि शेवटी दोन गोड पदार्थ चौघांत. 300 अधिक 60 अधिक 100, म्हणजे 460. करासह 506. जेवण साधारण तेच आणि बिल जवळपास निम्म्यावर. या बचतीत सगळ्यांत मोठा वाटा पेयांचा आहे, 140. पोट त्यांनी भरत नाही. उलट जेवणाआधी गोड पेय प्यायलेली मुलं जेवत नाहीत आणि प्लेट तशीच राहते. म्हणून आधी पाणी, आणि पेय हवंच असेल तर जेवणानंतर, दोघांत एक.

‘माणसांपेक्षा एक मुख्य पदार्थ कमी’ हा नियम चार ते सहा जणांना छान लागू पडतो. दोघांनाच जायचं असेल तर तो चालत नाही, एकाचं पोट उपाशी राहतं. आठ-दहा जण असतील तर दोन कमी करा. पाच वर्षांखालच्या मुलाला अर्धा माणूस धरा, आणि मुलांसाठीची वेगळी प्लेट घेण्याआधी तिच्यात काय आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती म्हणजे तळलेला बटाटा आणि एक गोड पेय एवढंच असतं. मोठ्यांच्या पदार्थातलं कमी तिखट काढून देणं मुलाच्या पोटाला आणि तुमच्या खिशाला, दोन्हीला बरं.

दोन टप्प्यांत मागवा. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. भुकेच्या तडाख्यात सगळं एकदम मागवलं की डोळे मोठे आणि पोट लहान अशी गत होते. पहिल्या टप्प्यात अंदाजाच्या तीन चतुर्थांश मागवा, ते संपत आल्यावर बाकीचं. स्वयंपाकघर खूप मागे पडलं असेल तर मात्र दुसऱ्या टप्प्याला अर्धा तास लागतो. अशा वेळी भात किंवा पाव पहिल्यांदाच थोडा जास्त घ्या.

माणशी एकच दर असलेलं, हवं तेवढं खाण्याचं जेवण स्वस्त वाटतं, पण ते सगळ्यांना परवडत नाही. घरात दोन जण कमी खाणारे आणि एक लहान मूल असेल तर तुम्ही इतरांच्या जेवणाचे पैसे भरता. आधी विचारा: मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर, पेय त्यात धरलंय का, आणि वेळेची मर्यादा आहे का. मग तिथेच सुटे पदार्थ मागवले असते तर किती झालं असतं याच्याशी तुलना करा.

सवलतीच्या कूपनांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. कूपन वापरण्यासाठी काही वाढीव मागवावं लागत असेल तर ते सोडून द्या. 400 च्या बिलाला 500 पर्यंत ताणून 75 ची सूट घेतली तर तुम्ही 25 जास्तच दिलेत.

बिल आल्यावर घाई न करता चार गोष्टी बघा: पदार्थांची संख्या बरोबर आहे का, न मागवता टेबलावर आलेल्या पाण्याच्या बाटल्या, पापड-चटणीसारखं तोंडी लावणं यांचे पैसे लागलेत का, सेवाशुल्क लावलंय का, आणि ते ऐच्छिक आहे का, करांची बेरीज. चूक दिसली तर शांतपणे दाखवा. गर्दीच्या वेळी शेजारच्या टेबलाचा पदार्थ आपल्या बिलावर चढणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

अर्धं बाहेरचं, अर्धं घरचं

आम्हांला सगळ्यांत पटलेली सोय ही. जे घरी करणं कटकटीचं तेवढंच बाहेरून आणायचं आणि बाकीचं घरी. चौघांसाठी रस्सा असलेल्या पदार्थाच्या दोन मोठ्या प्लेटा पार्सल घ्या. घरी 300 ग्रॅम तांदूळ लावा आणि काकडी, गाजर, टोमॅटो चिरून ठेवा. पार्सल आणायला जो जाईल त्याने निघताना भाताखाली गॅस लावायला सांगायचं. तो परत येईपर्यंत भात मुरलेला असतो. भात, पाव, कोशिंबीर आणि पाणी हॉटेलातून मागवणं टाळलं की बिलाचा मोठा भाग गळतो.

ॲपवरचे दर आणि काउंटरवरचे दर बऱ्याचदा वेगळे असतात. शिवाय पोचवणावळ, पॅकिंग, ॲपचं शुल्क. ॲपवर फक्त पदार्थ बघा, हॉटेलाला थेट फोन करा आणि स्वतः जाऊन आणा. स्वतःचे डबे चालतील का तेही विचारा.

सगळेच पदार्थ प्रवासाला टिकत नाहीत. रस्सा, डाळ, सूप, भाताचे प्रकार टिकतात. तळलेलं बंद डब्यात स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं, म्हणून डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवून आणा आणि घरी कोरड्या तव्यावर किंवा 200 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये ते आणखी लिबलिबीत होतं. नूडल्स रस्सा पिऊन फुगतात; रस्सा वेगळा बांधून मागा.

घरचं साधं जेवण: आपापलं वाढून घ्या

घरच्या जेवणात वेळ आणि पैसा खाणारी गोष्ट म्हणजे प्रत्येकासाठी वेगळं करणं. त्यावर एक उत्तम तोड आहे. सौम्य चवीचं एक मुख्य पातेलं करायचं आणि तिखट, आंबट, कुरकुरीत अशा वाट्या वेगळ्या मांडायच्या. मूल साधं खाईल, मोठे हवं तेवढं तिखट घालून घेतील. पाच गोष्टी टेबलावर आल्या की जेवण पूर्ण होतं: पोटभरीचं काही (भात, नूडल्स, बटाटे, पोळी, पाव), प्रथिनं (डाळ, कडधान्य, अंडी, चिकन, पनीर), एक भाजी, काहीतरी आंबट (लिंबू, दही, टोमॅटो), काहीतरी कुरकुरीत (कच्चा कांदा, भाजलेले दाणे, टोस्टचे तुकडे). आंबट आणि कुरकुरीत या दोन गोष्टी राहून जातात, आणि मग जेवण बेचव वाटतं म्हणून लोक मीठ-तेल वाढवत बसतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात; दाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून द्या.

प्रमाणं एकदा पाठ झाली की नासाडी थांबते. एका मोठ्या माणसाला कच्चे तांदूळ 75 ग्रॅम, सुक्या नूडल्स किंवा पास्ता 80 ते 100 ग्रॅम, सुकी डाळ-कडधान्य 50 ते 60 ग्रॅम, बटाटे 200 ते 250 ग्रॅम, अंडी दोन. कडधान्य शिजून वजनाने दुप्पट ते अडीचपट होतं, तांदूळ जवळपास तिप्पट.

हमखास जमणारं एक जेवण म्हणजे बटाटा-कांद्याचं जाड ऑम्लेट. चौघांसाठी 8 अंडी, 500 ग्रॅम बटाटे, 2 मध्यम कांदे, 3 मोठे चमचे तेल, एक सपाट छोटा चमचा मीठ, मिरपूड.

1. बटाट्यांचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करा, कांदा उभा चिरा. 26 ते 28 सेंटिमीटरच्या पसरट, जाड बुडाच्या तव्यात तेल घालून दोन्ही मध्यम आचेवर झाकून 15 ते 18 मिनिटं शिजवा, अधूनमधून हलवा. काप सुरीने सहज तुटला पाहिजे.
2. झाकण काढून दोन मिनिटं पाणी आटवा. पालक, टोमॅटो, दुधी अशी पाणी सोडणारी भाजी घातली असेल तर ही पायरी टाळून चालणारच नाही. तव्यात पाणी राहिलं की अंडं घट्ट बसत नाही आणि कापताना तुकडे पडतात.
3. अंडी मीठ-मिरपूड घालून फेटा, त्यात गरम बटाटे घालून पाच मिनिटं ठेवा. मग मिश्रण परत तव्यात ओता.
4. आच अगदी मंद करा, झाकण ठेवा, 10 ते 12 मिनिटं. कडा सुटलेल्या आणि मधला भाग हलवल्यावर जेमतेम थरथरणारा हवा. ताट उपडं ठेवून उलटा, दुसरी बाजू 2-3 मिनिटं. आतलं अंडं कुठेही ओलसर, वाहतं राहिलेलं नको.
5. पाच मिनिटं निवू द्या, मग कापा.

बूड करपलं आणि मध्य कच्चा राहिला तर आच मोठी होती. रबरासारखं झालं तर जास्त वेळ शिजलं. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी पावात घालून डब्याला नेता येतात, म्हणून घरात माणसं चार असली तरी कुणी डबा नेणारं असेल तर दोन अंडी जास्त घाला.

दुसरं, मसुराच्या डाळीचं दाट सूप. 250 ग्रॅम डाळ, 1 लिटर पाणी, एक कांदा, दोन गाजरं, एक बटाटा. भिजवावं लागत नाही, 20 ते 25 मिनिटांत मऊ होतं. टोमॅटो आणि लिंबू डाळ शिजल्यानंतरच घाला. आंबटपणामुळे डाळ-कडधान्य शिजायला फार वेळ लागतो, आणि ‘तासभर झाला तरी दाणा कडकच’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. दुसरं कारण म्हणजे जुनं कडधान्य किंवा जड पाणी. राजमा घेत असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं, खात्रीसाठी अर्धा तास, खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर ठेवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीने नष्ट होतं, कोमट आचेने नाही. म्हणून भिजवलेला राजमा मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट टाकणं धोक्याचं.

ओव्हन असेल तर एका ट्रेमध्ये सगळं भाजणं सर्वांत कमी कष्टाचं. 220 अंशांवर आधी बटाटे, गाजरं (अडीच सेंटिमीटरचे तुकडे) 20 मिनिटं, मग त्यात फ्लॉवर, ढोबळी मिरची, कांदा आणि चिकनचे बिनहाडाचे तुकडे किंवा पनीर घालून आणखी 20 मिनिटं. चिकनच्या जाड तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश तापमान हवं. ट्रे गच्च भरला की भाज्या भाजत नाहीत, वाफेवर शिजून मऊ पडतात. दोन ट्रे वापरा.

आठवड्याच्या सातही रात्रींचा बेत करू नका, तो मोडतोच. चार रात्री ठरवा, एक उरलंसुरलं संपवण्याची, एक बाहेरची, एक मोकळी. मोकळ्या रात्रीसाठी घरात कायम अंडी, नूडल्स, मसूर डाळ, कांदे-बटाटे आणि गोठवलेले मटार असू द्या. दमून आल्यावर वीस मिनिटांत जेवण होणार असेल तर पार्सलसाठी हात फोनकडे जात नाही.

उरलेलं अन्न

हॉटेलातून आणलेलं असो वा घरचं, शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. हवा 32 अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास. हॉटेलात टेबलावर गेलेला वेळही यातच धरायचा. जेवण उरणार असं दिसलं की जेवतानाच डब्यात काढून ठेवा, आणि नंतर दुकानं फिरायची असतील तर ते उरलेलं बरोबर घेऊच नका.

भाताची विशेष काळजी घ्या. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवायचा नाही. परातीत चार-पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा थर पसरा, वाफ गेली की तासाभराच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. परतून खायला असाच गार, मोकळा भात लागतो. तवा चांगला तापवून एका वेळी दोनच माणसांचा भात परता, नाहीतर चिकट होतो.

बाकीची भाजी, डाळ, रस्सा 4-5 अंशांच्या फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस टिकतो. पसरट, उथळ डब्यात ठेवा. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. खाताना लागेल तेवढंच काढा, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदा गरम केलेलं परत फ्रीजमध्ये ठेवू नका. डब्यावर कागदी पट्टी लावून तारीख लिहिली की कधीचं आहे यावर वाद होत नाही.